मुलांपर्यंत अश्लील मजकूर पोहोचला तर: ठाणे आणि नवी मुंबईतले पालक, शिक्षक, दुकानदार आणि सोसायट्या वारंवार विचारतात ते प्रश्न

या विषयावरचा कायदा मुलाला गुन्हेगार ठरवायला बसलेला नाही. त्याचा रोख आहे तो दाखवणाऱ्या, विकणाऱ्या, पुढे पाठवणाऱ्या आणि कळूनही गप्प बसणाऱ्या मोठ्या माणसांवर. तरीही अनेक प्रकरणं पहिल्या काही तासांतच बिघडतात, आणि ती बिघडतात चांगल्या हेतूनं केलेल्या चुकांमुळे. म्हणून तातडीचे प्रश्न आधी घेतले आहेत, कलमांची माहिती त्यानंतर.

लहान मुलाचा अश्लील व्हिडिओ माझ्या फोनवर येऊन पडलाय. आत्ता काय करू?

कुणालाही पाठवू नका. बायकोला नाही, सोसायटीच्या सेक्रेटरीला नाही, ओळखीच्या हवालदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच नाही. "सगळ्यांना सावध करा, हा माणूस शोधा" असं लिहून पुढे ढकललेला व्हिडिओही कायद्याच्या दृष्टीनं प्रसारणच असतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब त्याला लागू शकतं. त्यात पहिल्या दोषसिद्धीला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे, दुसऱ्यांदा ७ वर्षांपर्यंत. शिवाय ज्या मुलाचा तो व्हिडिओ आहे, त्याच्यावर प्रत्येक फॉरवर्डनं नव्यानं अत्याचार होतो.

वहीत हाताने लिहून ठेवा: पाठवणाऱ्याचा नंबर, ग्रुपचं नाव, तारीख, वेळ, सोबतचा मजकूर. लिंक असेल तर तिचा पत्ता अक्षर न् अक्षर उतरवा. प्रोफाइलचं दिसणारं नाव कधीही बदलता येतं, म्हणून प्रोफाइलचा पूर्ण वेब पत्ता घ्या. चित्राचा स्क्रीनशॉट काढू नका, कारण ती आणखी एक प्रत होते. 'आपोआप गायब होणारे संदेश' चालू असतील तर शक्य असल्यास ते बंद करा. मग त्याच दिवशी कळवा.

इथे एक चूक फार होते. व्हॉट्सअ‍ॅपवर 'तक्रार करा' दाबलं की चॅट हटवण्याच्या पर्यायाचीही चौकट समोर येते. तिच्यावर खूण राहिली तर तक्रार जाते, पण तुमच्या फोनमधला पुरावाही जातो. आधी नोंद करा, पोलिसांना कळवा, आणि खूण काढूनच ते बटण दाबा.

पुसून टाकलं तर सुटलो ना?

पुसणं आणि कळवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे, पुढे पाठवण्याच्या इराद्यानं असं साहित्य बाळगून ते न पुसणाऱ्याला किंवा न कळवणाऱ्याला किमान ५ हजार रुपये दंड आहे आणि पुन्हा केल्यास किमान १० हजार. प्रसारासाठी बाळगल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, धंद्यासाठी बाळगल्यास ३ ते ५ वर्षं. पोक्सो नियम २०२० च्या नियम ११ नुसार असं साहित्य ज्याच्या हाती आलं त्याने ते विशेष बाल पोलीस पथकाला, स्थानिक पोलिसांना किंवा सायबर पोर्टलला कळवायचं आहे.

२३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एस. हरीश प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल रद्द केला आणि स्पष्ट केलं, की पुढे पाठवण्याचा इरादा प्रत्यक्ष पाठवण्यावरूनच सिद्ध व्हावा असं नाही. तो परिस्थितीवरून ठरू शकतो. 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्दच न्यायालयांनी वापरू नये, कारण हे लैंगिक शोषणाचं साहित्य आहे, असंही त्याच निकालात आहे. आम्हीही इथे तो शब्द टाळतो.

तक्रार कुठे द्यायची? ऐरोलीचं प्रकरण ठाण्यात चालेल का?

हद्दीचा गोंधळ आपल्या भागात खरोखर आहे. कळवा ठाणे पोलीस आयुक्तालयात येतं, तर पलीकडची ऐरोली नवी मुंबई आयुक्तालयात, रबाळे पोलीस ठाण्याच्या हद्दीत. मीरा-भाईंदरला २०२० पासून वसई-विरारसह वेगळं आयुक्तालय आहे. शहापूर आणि मुरबाड ठाणे ग्रामीणकडे. खारघर, कामोठे, पनवेल पोलिसांच्या दृष्टीनं नवी मुंबईत आहेत, पण जिल्हा रायगड. त्यामुळे तिथल्या मुलाची बाल कल्याण समिती (पीडित मुलाच्या काळजीचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) रायगडची, आणि ऐरोली ते बेलापूर पट्ट्यातल्या मुलाची ठाणे जिल्ह्याची.

पण हा नकाशा पाठ करून मग घराबाहेर पडायची गरज नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कोणत्याही पोलीस ठाण्यात 'झिरो एफआयआर' नोंदवता येतो आणि तो योग्य हद्दीत पाठवणं पोलिसांचं काम असतं. ठाणे आणि नवी मुंबई, दोन्ही आयुक्तालयांना स्वतंत्र सायबर पोलीस ठाणी आहेत. तरी घराजवळच्या पोलीस ठाण्याने "सायबरला जा" म्हणून तोंडी वाटेला लावलं, तर लेखी अर्ज द्या आणि आवक शिक्क्याची प्रत मागा.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी करतो. "साहेब नाहीत, उद्या या" याचं मूळ अनेकदा तिथे असतं. तपास निरीक्षक करेल; तक्रार घ्यायला थांबायचं कारण नाही. पोक्सोचा गुन्हा नोंदवून न घेणं हा कलम २१ प्रमाणे स्वतःच गुन्हा आहे. हे शांतपणे, अर्जात लिहूनच दाखवा. तरीही दाद मिळाली नाही तर आयुक्तालयात उपायुक्तांकडे, ग्रामीण भागात अधीक्षकांकडे लेखी पाठवा. त्यापुढचा मार्ग न्यायालयाचा.

ऑनलाइन तक्रारीत नेमकं काय भरायचं?

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलचा पत्ता: सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन. त्यात महिला आणि बालकांविषयीच्या गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे. नाव न सांगता कळवण्याचा पर्याय आहे, आणि मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून पाठपुरावा करता येईल असाही. तुमचंच मूल पीडित असेल तर दुसराच निवडा, नाहीतर तक्रारीचं पुढे काय झालं ते कळायची सोय उरत नाही.

घटनेचं वर्णन पाच-सहा ओळींत पुरतं. काय, कुठल्या अ‍ॅपवर, कुठल्या पत्त्यावर, केव्हा, कोणाच्या फोनवर. "मानसिक त्रास झाला" एवढंच लिहिलेली तक्रार पुढे सरकत नाही, कारण ज्याचा माग काढायचा तो धागाच तिच्यात नसतो. फोनचं मॉडेल आणि नंबर लिहा. पोचक्रमांक जपून ठेवा.

पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, तोही लगेच. मूल धोक्यात असेल तर १०९८ (मुलांची हेल्पलाइन) किंवा ११२ (आपत्कालीन मदत).

शेजारच्या माणसाने माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला फोनवर घाणेरडा व्हिडिओ दाखवला. हात लावला नाही. मग गुन्हा कसला?

गुन्हा आहे. पोक्सोच्या कलम ११ मध्ये अश्लील हेतूने मुलाला कोणत्याही माध्यमातली कोणतीही वस्तू दाखवणं हा लैंगिक छळ मानला आहे. कलम १२ प्रमाणे ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. स्पर्श व्हावा अशी अट नाही. मुलगा असो वा मुलगी, फरक पडत नाही. १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती या कायद्यात बालक आहे, म्हणून सतरा वर्षं अकरा महिन्यांचा मुलगाही.

हे हलक्यात घेऊ नका. असं दाखवणं हे पुष्कळदा पुढच्या पायरीची तयारी असते: मुलाची भीड मोडायची, "आपलं गुपित" तयार करायचं. मूल सांगतंय तेव्हा फक्त ऐका. तेच तेच दहा वेळा विचारू नका, शब्द सुचवू नका, "त्याने असं केलं का?" असे होय-नाहीचे प्रश्न टाळा. पुढे न्यायालयात बचाव पक्ष नेमकं हेच विचारतो, की मुलाला कोणी पढवलं का. मुलाने वापरलेले शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा.

पोलीस मुलाला ठाण्यात बसवून ठेवतील का?

नाही. पोक्सोच्या कलम २४ प्रमाणे जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यायचा. अधिकारी गणवेशात नसावा. रात्री मुलाला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. आई-वडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत बसते. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समिती आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. समिती मुलासाठी सहायक व्यक्ती नेमू शकते. खटल्याच्या दिवसांत तिचा फार आधार होतो, म्हणून ती आवर्जून मागा.

सोसायटीत बसून मिटवून घेतलं तर? मुलाचं नाव खराब व्हायला नको.

पोक्सोचा गुन्हा दोन कुटुंबांनी हात मिळवले म्हणून मिटत नाही. कलम १९ प्रमाणे गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने तो कळवायचा आहे. न कळवल्यास कलम २१ नुसार ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. कार्यालयात बसून माफीनामा लिहून घेणारी कमिटी स्वतःविरुद्धच कागद तयार करत असते, कारण आपल्याला माहिती होती हे त्यातून सिद्ध होतं. उलट, चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, असं त्याच कलम १९ मध्ये आहे.

नावाची काळजी रास्त आहे, आणि कायद्यालाही ती आहे. मुलाचं नाव, पत्ता, फोटो, शाळा, कुटुंबाची ओळख प्रसारमाध्यमांत उघड करणं कलम २३ नुसार शिक्षापात्र आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ची बंदी संपर्काच्या इतर साधनांनाही लागू होते. तेव्हा "बी विंगमधल्या अमक्यांच्या मुलीबाबत" असा संदेश ग्रुपवर दिसला तर अ‍ॅडमिनने तो ताबडतोब काढावा.

शाळा, क्लास, क्रीडा अकादमी यांची जबाबदारी किती?

सर्वसामान्य माणसापेक्षा जास्त. कर्मचाऱ्याने केलेला गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही तर शिक्षा १ वर्षापर्यंत कैद आणि दंड अशी वाढते. २०२४ च्या बदलापूर प्रकरणात शाळेच्या व्यवस्थापनातल्या लोकांवर कलम २१ खाली गुन्हा नोंदवला गेला, हे ठाणे जिल्ह्यातल्या प्रत्येक संस्थाचालकाने लक्षात ठेवावं. "आधी अंतर्गत चौकशी, मग पोलीस" हा क्रम कायद्यात नाही. शिक्षकाने मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणजे शिक्षकाची जबाबदारी संपली असंही नाही. लेखी कळवा, आणि ते पोलिसांपर्यंत गेलं का ते बघा.

हॉटेल, लॉज, रुग्णालय, क्लब, फोटो स्टुडिओ यांना पोक्सोचं कलम २० वेगळं लागू आहे. असं साहित्य समोर आलं की पोलिसांना कळवायचंच. मोबाइल दुरुस्तीसाठी आलेल्या फोनमध्ये काही दिसलं, तर दुकानदारालाही कळवण्यावाचून गत्यंतर नाही. प्रत काढून ठेवू नका. फोन, पावती, वेळ नोंदवा आणि पोलिसांना बोलवा.

मेमरी कार्डात सिनेमे भरून देणारा दुकानदार, सायबर कॅफेवाला, पुस्तकविक्रेता यांना काय लागू होतं?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. कलम २९४ अश्लील वस्तूंच्या विक्री-प्रदर्शनाचं: पहिल्यांदा २ वर्षांपर्यंत कैद आणि ५ हजारांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास ५ वर्षांपर्यंत आणि १० हजारांपर्यंत. खरेदीदार बालक असेल तर कलम २९५: ३ वर्षांपर्यंत, दुसऱ्यांदा ७ वर्षांपर्यंत. विक्री पूर्ण व्हायला हवी असं नाही. देऊ करणं किंवा तसा प्रयत्नही पुरे. भाड्याने देणं, फिरवणं, दाखवणं हे सगळं त्यात येतं.

जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम २९३ मध्ये वयाची रेषा २० वर्षांची होती, आता ती १८ आहे. आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपातल्या मजकुराचं प्रदर्शन आता २९४ मध्ये शब्दशः घातलं आहे.

अश्लील कशाला म्हणायचं, हे कोण ठरवतं? शरीरशास्त्राचं पुस्तक दाखवलं तरी गुन्हा का?

कायद्याची कसोटी अशी: मजकूर कामुक आहे का, वासना चाळवणारा आहे का, तो वाचणाऱ्या-पाहणाऱ्याला बिघडवेल असा त्याचा एकूण परिणाम आहे का. २०१४ मध्ये अवीक सरकार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुनी इंग्लंडची कसोटी बाजूला ठेवली आणि आजच्या समाजाच्या मापाने, संपूर्ण मजकूर पाहून ठरवा असं सांगितलं. २०२४ च्या अपूर्वा अरोरा निकालानुसार केवळ शिवीगाळ म्हणजे अश्लीलता नव्हे.

विज्ञान, साहित्य, कला, शिक्षण, धर्म यांसाठी प्रामाणिकपणे केलेलं काम अपवादात येतं. पाळी, गर्भधारणा, सुरक्षित आणि असुरक्षित स्पर्श शिकवणाऱ्या शिक्षिकेने या कायद्याला घाबरू नये. मुलांना शरीराच्या अवयवांची खरी नावं माहीत असली तर तक्रारही नेमकी होते.

वर्गाच्या ग्रुपवर कुणी अश्लील क्लिप टाकली. अ‍ॅडमिनला अटक होते का?

नुसता अ‍ॅडमिन आहे म्हणून नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये किशोर तरोणे प्रकरणात म्हटलं, की समान हेतू दिसल्याशिवाय सदस्याच्या संदेशासाठी अ‍ॅडमिन जबाबदार नाही. पण मुलं असलेल्या ग्रुपवर अ‍ॅडमिनने बघत बसावं असा याचा अर्थ नाही. प्रौढांची क्लिप असेल तर नोंद करून ती सर्वांसाठी हटवा आणि टाकणाऱ्याला बाहेर काढा. क्लिप लहान मुलाची असेल तर आधी पोलीस.

माझ्या सोळा वर्षांच्या मुलाने वर्गातल्या मुलीचा फोटो एआय अ‍ॅपने बदलून नग्न केला आणि मित्रांना पाठवला. "खोटाच तर आहे," म्हणतो.

खोटा असला तरी गुन्हा खरा आहे. पोक्सोच्या व्याख्येत २०१९ पासून संगणकाने बनवलेली, बदललेली, बालक असल्यासारखी दिसणारी प्रतिमाही आहे, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ब मध्ये अशी प्रतिमा तयार करणंही.

मुलावर कारवाई बाल न्याय मंडळापुढे चालते. मोठ्यांसारखा खटला चालवायचा का, हा प्रश्न १६ वर्षांपुढील मुलाच्या बाबतीत फक्त घोर गुन्ह्यांत येतो, म्हणजे ज्यात किमान शिक्षा ७ वर्षं आहे. हा गुन्हा त्यात बसत नाही. अशा प्रकरणात सहसा एफआयआर न करता स्टेशन डायरीत नोंद होते आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे जातो. मंडळासमोर लपवाछपवी करू नका. फोन फॉरमॅट करणं, मित्रांना "डिलीट करा" म्हणून फोन करत सुटणं हे पालकांवरच उलटतं.

मुलीच्या घरच्यांसाठी: प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२१ च्या नियमांनी नग्न किंवा बदललेल्या प्रतिमा हटवायला २४ तासांची मुदत घातली होती, २०२६ च्या दुरुस्तीने ती २ तासांवर आली, आणि अशी तक्रार पीडितेच्या वतीने दुसरं कुणीही करू शकतं. दाद न मिळाल्यास ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे जाता येतं. 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा १८ वर्षांखालील व्यक्तीच्या फोटोसाठी आहे. फोटो अपलोड होत नाही, फोनवरच त्याचा सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी प्लॅटफॉर्म त्यावरून प्रत शोधतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच पसरलेल्या प्रती मात्र अशा हटत नाहीत. त्यासाठी मुलांचे फोन आणि शाळा यांच्यामार्फतच जावं लागतं.

मुलीला कुणीतरी फोटो पसरवण्याची धमकी देऊन पैसे मागतोय.

पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. धमकीचे चॅट न पुसता ठेवा. अकाउंट बंद करू नका, फक्त खाजगी करा. खऱ्या किंवा बनावट चित्राची मुलाला धमकी देणं पोक्सोच्या कलम ११ मध्येच आहे, आणि खंडणीसाठी न्याय संहितेचं कलम ३०८. मुलीला आजच्या रात्री एकटं झोपवू नका. "तू पाठवलासच का?" हा प्रश्न आज विचारू नका. पुढची माहिती तिच्याकडूनच मिळणार आहे.

पोलिसांनी फोन घेतला तर परत कधी मिळतो?

न्यायालयात अर्ज करून, आणि वेळ लागतो. म्हणून देताना काळजी घ्या. पंचनाम्याची प्रत घ्या, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) त्यात बरोबर आहे ना ते पाहा, जप्तीचं चित्रीकरण सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झालं का ते विचारा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश मूल्य, म्हणजे फाइलचा सांकेतिक ठसा असतो. ते नीट नसेल तर खरा पुरावाही लंगडा पडतो. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येत असेल तर सिमचं काय, हे आधीच विचारून ठेवा.

'ए' प्रमाणपत्राचा सिनेमा मुलाला घेऊन पाहता येईल का? मी सोबत आहे.

नाही. पालक सोबत असल्याने फरक पडत नाही. मल्टिप्लेक्सच्या दारात कर्मचारी अडवतो तो उगाच नव्हे: सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम ७ प्रमाणे दाखवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. 'यूए' चे २०२३ च्या दुरुस्तीने तीन भाग झाले, ७+, १३+ आणि १६+. तिथे निर्णय पालकांचा. ओटीटीवर १३+ पासून पुढे पालक-कुलूप आणि 'ए' साठी वयाची खात्री करणारी व्यवस्था देणं सेवेला बंधनकारक आहे. ते कुलूप लावणं मात्र तुमच्या हातात: मुलाचं वेगळं प्रोफाइल करा आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावा. पिन जन्मतारखेचा नको.

खोटी तक्रार झाली तर?

पोक्सोचं कलम २२ आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद. पण ते द्वेषाने रचलेल्या तक्रारीसाठी. सिद्ध झाली नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. मुलाने चुकीची माहिती दिली तरी त्याला शिक्षा नाही.

वकिलाचा खर्च परवडत नाही.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. ठाणे जिल्ह्यासाठी ते ठाणे जिल्हा न्यायालयात, तर खारघर-पनवेलकरांसाठी प्राधिकरण रायगड जिल्ह्याचं. १९८७ च्या कायद्याने महिला आणि बालकांना उत्पन्नाची अट नाही. सोबत तक्रारीची प्रत, मुलाच्या वयाचा पुरावा आणि आधार कार्ड न्या. वयासाठी शाळेचा दाखला किंवा जन्मदाखला चालतो. मूळ कागद देऊ नका, फक्त दाखवा. सरकारतर्फे विशेष सरकारी वकील असतोच, तरी पोक्सोच्या कलम ४० प्रमाणे कुटुंबाला आपल्या पसंतीचा वकील सोबत ठेवता येतो.